आधी गिऱ्हाईक मोजा, मग गुऱ्हाळ लावा



आपण ऊस पिकवणारी माणसे. लागण कधी करावी, खोडवा कसा राखावा, पाचट पेटवावे की सरीत कुजवावे, यावर आपल्यापैकी कोणीही पारावर बसून दोन तास बोलेल. पण ‘विकावे कसे?’ असा प्रश्न टाकला, की बैठक गप्प होते. कारण सरळ आहे. आपल्याला विकावे लागलेच नाही. गट ऑफिसात उसाची नोंद झाली, टोळी आली, गाडी काट्यावरून गव्हाणीला गेली, की आपले काम संपले. किमान भाव दिल्लीत ठरतो. २००९ पासून त्याला एफआरपी म्हणतात, त्याआधी दुसरे नाव होते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा. त्यात चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे. ते पैसे लांबले की आपण बोलायचे, आणि आले की गप्प बसायचे, एवढाच आपला बाजाराशी संबंध राहिला.

ही सोय वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. खात्रीचे गिऱ्हाईक मिळावे म्हणून तर वाडवडिलांनी हाडाची काडे केली. परंतु ज्याला पन्नास वर्षे विकावेच लागले नाही, त्याच्या घरातून विकण्याची विद्या निघून जाते. आणि आज नेमकी तीच विद्या आपल्या पोरांना हवी आहे.

कारण जमीन वाढत नाही, घरे वाढतात. आजोबांचे बारा एकर, वडिलांचे सहा, नातवाच्या नावावर तीन. तीन एकर उसावर शिक्षणे, आजारपणे आणि लग्नकार्ये निघत नाहीत हे कोणाला सांगायला नको. म्हणून पोरे जोडधंदा शोधतात. कोणी सेंद्रिय गूळ नि काकवी करतो, कोणी उसाची रोपवाटिका काढतो, कोणी दुधाचे पनीर-तूप करतो. सुना बचत गटातून मसाले, पापड, शेवया करतात. ही सगळी चांगली लक्षणे आहेत. शासनाच्याही योजना आहेत. २०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना सुरू केली आणि तीत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान ठेवले. अनुदानाचा आकडा ऐकला की आपण शेड आधी बांधतो आणि माल कोणाला द्यायचा हे नंतर पाहतो. मग दोन वर्षांनी त्या शेडमध्ये कडबा भरलेला दिसतो, आणि बँकेचा हप्ता मात्र उसाच्या बिलातून कापला जातो.

धंदा का बसला असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. ‘मार्केट नाही.’ माझे मत असे, की बहुतेक ठिकाणी मार्केटचा दोष नसतो, मालाचाही नसतो. पोराने किती माल, कोणाला, कोणत्या महिन्यात, कोणत्या भावाने विकायचा हे कागदावर कधी लिहिलेच नव्हते. उद्दिष्ट काय म्हणून विचारावे तर म्हणतो, ‘स्वतःचा ब्रँड उभा करायचा.’ ही झाली इच्छा. इच्छा असावी, पण तिच्यावर बँकेचा हप्ता फिटत नाही. उद्दिष्टाला आकडा लागतो आणि तारीख लागते.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, तोंडात नगरच येते, सवय जायला वेळ लागेल.) भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटावर ऊस वाढला. त्या उसाचा गूळ व्हायचा, आणि गुळाचा भाव आडतीवर ठरायचा. ढेपा गाडीत भरून बाजाराला नेल्या, की परत आणणे परवडत नाही हे आडत्याला ठाऊक असायचे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा बागाईतदाराची काय गत झाली असेल ती कल्पनाच करावी. पाणी होते, ऊस होता, गूळ उत्तम होता, आणि माणूस कर्जात होता. आजच्या पोराच्या शेडसारखीच गोष्ट.

यातून वाट निघाली ती १९४५ साली. बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, कालव्यावरील बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे काही मोठे शिकलेले गृहस्थ नव्हेत, पण १९२३ सालीच त्यांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी काढलेली होती, म्हणजे हिशेबाची वही हाताला होती. गाडगीळांचे शास्त्र आणि विखे पाटलांची पायपीट मिळून प्रवरेचा कारखाना उभा राहिला, आणि १९५०-५१ ला पहिला हंगाम झाला. ही कथा आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. भाषणात त्यागाचे आणि जिद्दीचे वर्णन असते, ते खरेच आहे. पण मला त्यातील दुसरी गोष्ट मोठी वाटते. ती मोजणीची.

तो कारखाना सुरुवातीला रोज सुमारे ५०० टन गाळपाचा होता. आता आपण आपलाच हिशेब मांडून पाहू. हंगाम १५० दिवसांचा धरला तर ७५ हजार टन ऊस लागतो. एकरी ३० टन धरले तर अडीच हजार एकर ऊस दरवर्षी उभा पाहिजे, आणि तो गाडीच्या टप्प्यात पाहिजे. म्हणजे कोणत्या गावात कोणाचा किती ऊस, कोण किती भाग घेणार, कोणाचा शब्द पक्का आणि कोणाचा कच्चा, हे घरोघर फिरल्याशिवाय कळणार कसे? भागभांडवलासाठी ते गावोगाव फिरले ते पैसे मागायला तर खरेच, पण त्या फिरण्यात मोजणीही आपोआप झाली असणार. यंत्रे आधी आणून मग ऊस शोधला असता तर आज प्रवरानगर हे नाव राहिले नसते. ज्या माणसांनी काहीच नसताना एवढे मोजले, त्यांची नातवंडे आपण, आणि दहा लाखांचे कर्ज काढताना शंभर गिऱ्हाइकांचीही यादी करत नाही.

आता गुळाचेच उदाहरण आकड्यांत घेऊ. आकडे मी ठोकळ धरतो, ज्याने त्याने आपल्या गुऱ्हाळाचे घालून पाहावेत. एक टन उसाला साधारण १०५ किलो गूळ पडतो असे समजा. ऊस घरचा असला तरी तो फुकट नाही. कारखान्याला घातला असता तर टनाला समजा ३,००० रुपये आले असते, तेवढे त्यात धरलेच पाहिजेत. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. गुळव्याची आणि गड्यांची मजुरी, काहिलीचे भाडे, चुना, भेंडी, वीज मिळून आणखी १,२०० धरा. झाले ४,२००. म्हणजे किलोला ४० रुपये घरातच पडले. पिशवी, छपाई आणि वाहतूक मिळून ६ रुपये. आता दुकानदार हा गूळ ६० ला विकणार आणि त्यातले १२ स्वतःला ठेवणार. आपल्या हाती उरतात किलोला २ रुपये. महिन्याला २० हजार सुटावेत असे पोराला वाटत असेल, तर १० टन गूळ दर महिन्याला खपला पाहिजे. त्याला ऊस लागतो ९५ टन. हे एकट्याच्या तीन एकरांत बसत नाही, आणि बसले तरी दुकानदार एवढा गूळ घेत नाही.

तोच गूळ दुकानदाराला न देता थेट घरी पोचवला तर? साठातून चाळीस आणि सहा वजा जाता किलोला १४ रुपये उरतात. वीस हजारांसाठी १,४३० किलो लागतो. एका घरात महिन्याला २ किलो खपला तर सुमारे ७१५ घरे. एकच किलो खपला तर १,४३० घरे. झाले उद्दिष्ट! ‘ब्रँड’ वगैरे नंतर. पहिला प्रश्न हा, की ही सातशे किंवा चौदाशे घरे कुठे आहेत, आणि त्यांच्यापर्यंत दर महिन्याला कोण जाणार? पुण्यात आपल्या गावचे किती लोक नोकरीला आहेत? त्यांच्या सोसायट्यांत किती बिऱ्हाडे आहेत? नगरच्या वसाहतींत मावशी-मामांची किती घरे? यादी करायला बसले की कळते, की पहिल्या वर्षी सातशे काही होत नाहीत, दीडशे होतात. मग दीडशे घरांपुरताच गूळ करावा, आणि उरलेला ऊस मुकाट्याने कारखान्याला घालावा. दुसऱ्या वर्षी तीनशे घरे होतील. काहीजण म्हणतील, एवढ्याने काय होणार? दीडशे घरांना महिन्याला दोन किलोप्रमाणे गूळ दिला तर हिशेबाने ४,२०० रुपये सुटतात. थोडेच आहेत, पण त्यात कर्ज बुडत नाही.

यात एक मेख आहे, ती गुऱ्हाळवाल्यांना माहीत आहे. गूळ हिवाळ्यात होतो आणि पावसाळ्यात पाझरतो. मृगाच्या आत जो खपला तो आपला. पुढे शीतगृहाचे भाडे, नाहीतर काळी पडलेली ढेप. म्हणून बारा महिन्यांचे गिऱ्हाईक बांधायचे असेल तर साठवणीचा खर्च आधीच किमतीत धरावा लागतो. संक्रांतीच्या हंगामात विकण्याचा गूळ किती आणि श्रावणातल्या पुरणपोळीसाठी राखायचा किती, हे काहील पेटण्याआधी ठरते.

पुडक्याचेही तसेच. शिर्डी आपल्या जिल्ह्यात. देशभरातून रोज हजारो माणसे तिथे येतात. असा बाजार दुसऱ्या जिल्ह्यांच्या नशिबी नाही. पण रेल्वेने हैदराबादला जाणारा भाविक दहा किलोची ढेप डोक्यावर घेईल काय? त्याला पाव-अर्ध्या किलोचा, पिशवीत सांडणार नाही असा वड्यांचा डबा हवा, आणि त्यावर त्याला वाचता येईल अशी लिपी हवी. घरोघर जाणारा गूळ निराळा, शिर्डीचा निराळा, नगरच्या मिठाईवाल्याला लागणारा निराळा. तिघांना एकच माल घेऊन जाणे म्हणजे तिघांकडूनही परत येणे.

जाहिरातीचे म्हणाल तर तिला पैसाच लागतो असे नाही. रसवंतीकडे पाहा. पुण्याकडे आणि कुठे कुठे जाऊन रसवंत्या चालवणारी पुष्कळ मंडळी पुरंदर तालुक्यातील बोपगावच्या बाजूची. रसवंतीचे नाव बहुधा कानिफनाथ नाहीतर नवनाथ. त्याच कानिफनाथांची समाधी आपल्या पाथर्डी तालुक्यात मढीला आहे, पण त्या नावाचा धंद्याला उपयोग झाला तो पुरंदरकरांना. आणि घाण्याला घुंगरू! बैल गेले, मोटर आली, तरी घुंगरू राहिले. उन्हात चालणाऱ्या माणसाला डोळ्यांनी पाटी दिसण्याआधी कानाला रस ऐकू येतो. गिऱ्हाईक कोण, ते कधी तहानलेले असते आणि त्याला कशाने थांबवावे, हे ज्याला कळले त्याला छापील पत्रकाची फारशी गरज पडत नाही.

आपल्यालाच हे का जमले नाही, याचा थोडा दोष परिस्थितीला दिला पाहिजे. सभासदाला जसे विकावे लागले नाही, तसे कारखान्यांनाही फारसे विकू दिले गेले नाही. १९६७ नंतर बराच काळ लेव्ही आणि खुली असा साखरेचा वाटा सरकार ठरवी, दर महिन्याला किती पोती बाहेर काढायची तेही सरकारच सांगे. रंगराजन समितीच्या २०१२ च्या अहवालानंतर २०१३ साली लेव्ही गेली. पुढे २०१८ साली महिन्याचा कोटा पुन्हा आला. किमान विक्रीदर त्या वर्षी २९ रुपये ठरला, २०१९ ला ३१ झाला. अशा बंदोबस्तात निविदा काढायची, व्यापाऱ्याने ट्रक आणायचा, पोती भरायची, एवढेच विक्री खात्याचे काम उरले. तिकडे गुजरातेत आणंदच्या दूधवाल्यांनी १९४६ साली संघ काढला, अमूल हे नाव लावले, आणि मुंबईच्या घराघरांत आपले लोणी नेले. लोणी खाणाऱ्याला ते कोणाचे आहे हे माहीत असते. आपल्या साखरेचा चहा पिणाऱ्याला ती संगमनेरची, कोपरगावची की राहुरीची हे माहीत नसते. दूध आणि साखर यांत फरक आहे, बंधने निराळी होती, हे मान्य. तरीही विक्रीची जागा आपण व्यापाऱ्याला दिली ती दिलीच.

ज्यांना गुळाच्या भानगडीत पडायचे नाही त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब देतो, कारण त्याचे गिऱ्हाईक आपल्याच शिवारात आहे. उसाची रोपवाटिका. चार-पाच फुटी सरीत दोन फुटांवर लावण केली तर एकरी ठोकळ ५ हजार रोपे लागतात. समजा एखाद्याने ठरवले, की आडसालीच्या हंगामात ४० एकरांना रोपे पुरवायची. झाली २ लाख रोपे. शंभरातले ८० डोळे उगवले असे धरले तर अडीच लाख डोळे लावावे लागतील, आणि ५० कपांचे ट्रे असले तर ट्रे ५ हजार. एका उसाचे चांगले १५ डोळे निघाले तर साधारण १७ हजार ऊस बेण्याला पाहिजेत. एकरात ४० हजार ऊस धरले तर हा झाला सतरा गुंठ्यांचा बेणेमळा. वीस गुंठे धरा.

आता तारखा उलट मोजा. आडसाली लागण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. रोप तयार व्हायला महिना. म्हणजे डोळे ट्रेत जायचे जूनच्या मध्यापासून. बेणे तेव्हा दहा महिन्यांचे हवे, म्हणजे बेणेमळा लागला पाहिजे आदल्या वर्षीच्या ऑगस्टात. पुढच्या वर्षी ४० एकरांना रोपे द्यायची हा निर्णय या वर्षीच्या ऑगस्टात झाला नसेल, तर मे महिन्यात अर्ज-कर्ज करून काही उपयोग नाही. बाहेरचे मिळेल ते बेणे आणावे लागते, जात भेसळ होते, आणि फुले २६५ म्हणून दिलेल्या रोपातून भलतेच काही निघाले की पुढच्या वर्षी दारात कोणी येत नाही. रोप हा माल नाशवंत आहे. दीड महिना ट्रेत राहिले की मुळ्या गुंडाळतात, पाने पिवळी पडतात, आणि फुकट दिले तरी शेतकरी नाक मुरडतो. म्हणून मागणी आधी, डोळे नंतर.

आणि मागणी कोणावर अवलंबून? पाण्यावर. मुळा २६ टीएमसीचे, भंडारदरा ११ टीएमसीचे. ही धरणे भरली तर लागणीला ऊत येतो, न भरली तर पैसे घेऊन बसलेला शेतकरीही सोयाबीन नाहीतर कांदा करतो. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत उसाची लागण कशी आखडली ते आपण पाहिले. तेव्हा रोपवाटिकेच्या वहीत दोन उद्दिष्टे असावीत. धरणे भरली तर ४० एकर, अर्धीच राहिली तर १५. दुसऱ्या आकड्यावर हप्ता फिटत असेल तरच कर्ज काढावे.

उधारीबद्दल बोलले नाही तर हा लेख पुस्तकी होईल. गावात रोपे विकली की पहिले वाक्य येते, ‘ऊस गेल्यावर देतो.’ आडसाली ऊस जायला पंधरा-सोळा महिने, बिल यायला त्यानंतर. तोपर्यंत पोराच्या ट्रेचे, कोकोपीटचे आणि मजुरीचे पैसे अडकलेले. भावकीतला माणूस, नाही म्हणता येत नाही. यावर उपाय एकच. नोंदणीच्या वेळी तिसरा हिस्सा रोख, बाकी रोप उचलताना. सुरुवातीला चार लोक रागावतील. रागावू द्यावेत. जो नोंदणीलाच पैसे देत नाही त्याची मागणी वहीत धरू नये, ती हवेतली मागणी.

आता कारखान्याने यात काय करावे? अनुदान मागावे असे मी म्हणणार नाही. शेतकी खात्याजवळ पैशापेक्षा मोठी वस्तू आहे, ती म्हणजे माहिती. कोण कोणत्या महिन्यात किती एकर लागण करणार आणि कोणत्या जातीची, हे नोंदीच्या वेळी विचारले जातेच. त्यात ‘रोपे हवीत का, किती, कोणत्या पंधरवड्यात’ एवढा एक रकाना वाढवून ती बेरीज दर ऑगस्टमध्ये गट ऑफिसच्या फळ्यावर लावावी. रोपवाटिका चालवणाऱ्या पोरांना याहून मोठी मदत दुसरी नाही. दुसरे, दिवाळीच्या सवलतीच्या साखरेच्या वाटपाला केंद्रांवर सभासदांची रांग लागते. त्या रांगेशेजारी सभासदांच्या घरच्या मालाला एक टेबल द्यावे. भाडे घ्यावे, फुकट देऊ नये. तीन दिवसांत त्या पोराला कळेल की त्याचा गूळ लोक एकदा घेतात की दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन पुन्हा येतात.

या दोन्ही गोष्टी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे याव्यात म्हणून लेखी सूचना मी मुदतीत देणार आहे. अनुमोदनाला सह्या लागतील. ज्यांच्या घरी मुलाने, मुलीने किंवा सुनेने असा काही धंदा मांडला आहे, त्या सभासदांनी सहीसाठी गट ऑफिसात जरूर यावे, आणि येताना गेल्या वर्षी माल कोणाकोणाला, किती आणि कोणत्या भावाने गेला ते एका कागदावर लिहून आणावे. कागद कोरा राहिला तरी आणावा.